संगणक, गिटार आणि एक हळुवार गळा

२००१ च्या सुमारास अमेरिकेतले दोन तरुण संगीतकार टपालानं गाणी रचू लागले. लॉस एंजेलिसचा जिमी टॅम्बोरेलो संगणकावर ताल आणि सिंथेसायझरचे सूर जुळवायचा आणि त्याचं रेकॉर्डिंग पाकिटात घालून सिॲटलला बेन गिबर्डकडे धाडायचा. गिबर्ड हा ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ या बँडचा गायक. आलेल्या सुरावटीवर तो चाल बसवायचा, शब्द लिहायचा, गळा आणि गिटार भरायचा, आणि पाकीट उलट टपाली जायचं. अशी दहा गाणी झाली. जोडीनं आपलं नावच ‘द पोस्टल सर्व्हिस’ ठेवलं. त्यांचा ‘गिव्ह अप’ हा अल्बम ‘सब पॉप’ या सिॲटलच्या स्वतंत्र कंपनीनं फेब्रुवारी २००३ मध्ये काढला. अमेरिकेच्या टपाल खात्यानं नावाला कायदेशीर हरकत घेतली. मग तडजोड झाली: नाव राहिलं आणि बदल्यात बँडनं टपालसेवेचा प्रचार करायचं कबूल केलं. अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. सब पॉपच्या इतिहासात त्याहून जास्त खप झाला तो फक्त निर्व्हाना बँडच्या ‘ब्लीच’चा.

या गाण्यांत ताल यंत्राचा आहे, कोरडा आणि नेमका. मागे जुन्या व्हिडिओ गेमसारखे टिपटिप सूर आहेत. पण त्यावर गाणारा माणूस शेजारी बसून बोलावं तसा गातो. तोवर या दोन गोष्टी वेगवेगळ्या घरांत राहत होत्या. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे क्लब, नाच, रात्र. गिटार आणि मनातलं बोलणारे शब्द म्हणजे लोकगीतांची किंवा इंडी पॉपची परंपरा. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या एकत्र नांदू लागल्या. समीक्षकांनी या संगीताला कधी फोकट्रॉनिका म्हटलं, कधी इंडीट्रॉनिका. नाव कुठलंही घ्या, त्याचा गाभा एकच आहे: संगणकावर घडवलेला ध्वनी, त्यात मिसळलेली लाकडाची आणि तारांची वाद्यं, मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून केलेलं काम आणि हळू आवाजात गाणारा माणूस.

यंत्र आलं की संगीतातला माणूस हरवतो, असं आपण सर्रास बोलतो. या पंचवीसेक वर्षांच्या संगीतानं त्याच्या उलट अनुभव दिला. यंत्रामुळे एकट्या, साधनहीन, भिडस्त माणसाला गाणं पुरं करता आलं. मात्र दुसऱ्याचा गळा उचलून त्याचं नाव पुसणंही त्याच यंत्रानं सोपं केलं. म्हणून हे संगीत समजून घ्यायचं तर या दोन्ही बाजू पाहायला हव्यात.

घर हाच स्टुडिओ

विसाव्या शतकात बराच काळ ध्वनिमुद्रण ही पैसेवाल्यांची गोष्ट होती. स्टुडिओचं भाडं तासावर, टेपची रिळं महाग आणि मिक्सिंगच्या भल्यामोठ्या टेबलाशी बसणारा तंत्रज्ञ वेगळा. पहिली फट पडली १९७९ साली. जपानच्या टॅस्कम कंपनीनं साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारा ‘पोर्टास्टुडिओ’ बाजारात आणला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२ चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम असल्या यंत्रावर घरातच भरलेला आहे. पुढच्याच वर्षी मिडी नावाचं मानक आलं. एका कंपनीचा कीबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या ड्रम मशीनशी आणि दोन्ही संगणकाशी बोलू लागले.

खरी उलथापालथ १९९० च्या दशकाच्या शेवटी झाली. घरगुती संगणकाचा वेग इतका वाढला की मिक्सर, इफेक्ट, वाद्यं, सारं काही सॉफ्टवेअरच्या रूपात एका पडद्यावर मावू लागलं. ‘फ्रूटीलूप्स’, ‘रीझन’ असे प्रोग्रॅम एकामागून एक आले. बर्लिनमध्ये जन्मलेला ‘एबलटन लाइव्ह’ २००१ मध्ये बाजारात आला आणि लॅपटॉप थेट रंगमंचावर वाजवता येऊ लागला. २००४ पासून ॲपलच्या संगणकाबरोबर ‘गॅरेजबँड’ फुकट मिळू लागला. गाणं करायला आता बँड जमवावा लागत नव्हता आणि शेजाऱ्यांची झोपही मोडत नव्हती, कारण सगळं काम हेडफोन लावून होत होतं.

याचा परिणाम संगीताच्या पोतावर झाला. झोपायच्या खोलीत रात्री गाणारा माणूस ओरडून गात नाही. तो मायक्रोफोनच्या अगदी जवळ जातो आणि कुजबुजल्यासारखा गातो. एका दिशेनं ऐकणाऱ्या मायक्रोफोनचा गुण असा की तोंड जितकं जवळ, तितके खर्जाचे सूर अधिक भरीव येतात. श्वास, ओठांची हालचाल, शब्दाआधीची थबक, सगळं त्यात उतरतं. या संगीतातली जवळीक अशी घडते. भावनेइतकाच तिच्यात खोलीचा आणि यंत्राचा वाटा आहे.

आवाजाचे तुकडे

या शैलीचं नाव घेताना किअरन हेब्डन टाळता येत नाही. १९७७ साली लंडनमध्ये जन्मलेला हा संगीतकार ‘फोर टेट’ या नावानं काम करतो. शाळेतल्या मित्रांबरोबर त्याचा ‘फ्रिज’ नावाचा बँड होता. एकट्यानं केलेला त्याचा ‘पॉझ’ हा अल्बम २००१ मध्ये ‘डोमिनो’ या स्वतंत्र कंपनीनं काढला, आणि त्यातल्या गिटार, वीणेसारखी वाद्यं आणि संगणकी ताल यांच्या मिश्रणाला ब्रिटिश पत्रकारांनी फोकट्रॉनिका म्हणायला सुरुवात केली. हेब्डनला स्वतःला हे लेबल रुचलं नाही. २००३ चा ‘राउंड्स’ त्याहून पुढचा. लंडनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये, एका साध्या संगणकावर त्यानं तो जुळवला. त्यात कुणी वादक बसलेले नाहीत. जुन्या रेकॉर्ड्समधून उचललेले शेकडो तुकडे आहेत. सुरुवातीला हृदयाच्या ठोक्यासारखा आवाज येतो, शेवटच्या रचनेत मुलांचं रबरी खेळणं चीं चीं करतं, मध्ये पियानो आणि हार्पच्या तारा आहेत. तुकड्यांचं हे संगीत इतकं कोवळं लागतं की ते जोडलेलं आहे याचा विसर पडतो.

हे कसं साधतं? डिजिटल ध्वनिमुद्रणात आवाजाच्या लहरीची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजतात. सीडीसाठी ही मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. आवाज एकदा आकड्यांत आला की त्याचा कुठलाही भाग कापता येतो, उलटा करता येतो, सूर तोच ठेवून लांबवता येतो, लांबी तीच ठेवून सूर चढवता येतो. असा उचललेला तुकडा म्हणजे सॅम्पल आणि तो सलग फिरवत ठेवला की लूप. पॅरिसमध्ये पिएर शेफर यानं १९४८ साली रेल्वेच्या आवाजांची रचना केली तेव्हा त्याच्याकडे फिरत्या तबकड्या होत्या. पन्नास वर्षांनी तीच कल्पना माउसच्या एका क्लिकवर आली.

पण तुकडे जोडणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं काळाशी खेळण्याचं आहे. संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी दिसते. मिनिटाला १२० ठोके ठेवले तर प्रत्येक ठोका बरोबर अर्ध्या सेकंदावर पडतो. माणसानं छेडलेली तार मात्र काही मिलिसेकंद अलीकडे-पलीकडे जाते. एक बटण दाबलं की सारे सूर जाळीच्या रेघेवर ओढून बसवता येतात. नृत्यसंगीतात बहुधा हेच करतात, कारण नाचणाऱ्या पायांना नेमकेपणा हवा असतो. फोकट्रॉनिकाचे कारागीर इथे हात आखडता घेतात. ताल यंत्राचा ठेवतात आणि गिटार तशीच डगमगू देतात. नेमकं आणि ढिलं शेजारी शेजारी आलं की कान दोघांकडेही जास्त लक्ष देतो. तारेवरून बोट सरकल्याचा चर्र आवाज, खुर्चीची करकर, खिडकीबाहेरचा पाऊस, हे स्टुडिओत पुसून टाकायचे आवाज इथे मुद्दाम ठेवले जातात.

यंत्राच्या चुकांनाही या संगीतात मान आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यावर ‘ओव्हल’ या जर्मन गटानं खराब केलेल्या सीडी वाजवून, त्यांच्या अडखळण्यातून संगीत रचलं. डिजिटल यंत्र बिघडलं की जी टकटक आणि तुटकपणा येतो त्याला ग्लिच म्हणतात. तोच आवाज पुढे ढोलकीच्या जागी आला. बोटानं तार छेडल्याचा आवाज आणि सीडी अडखळल्याचा आवाज हे दोन्ही लहान, टोकदार आणि क्षणिक असतात. त्यामुळे ते एकमेकांत विरघळतात. ‘द बुक्स’ या अमेरिकी जोडीनं यात आणखी एक थर घातला. निक झमुटोची गिटार आणि पॉल द याँगचा चेलो यांच्यामध्ये जुन्या कॅसेटींवर सापडलेली अनोळखी माणसांची बोलणी ते बसवायचे. २००३ चा त्यांचा ‘द लेमन ऑफ पिंक’ ऐकताना गाणं कुठे संपतं आणि बोलणं कुठे सुरू होतं ते कळत नाही, आणि त्यातच त्याची गोडी आहे.

बव्हेरियापासून ब्यूनोस आयर्सपर्यंत

महानगरांतल्या मोठ्या स्टुडिओंची गरज उरली नाही तेव्हा हे संगीत आडवाटेच्या गावांत रुजलं. जर्मनीत बव्हेरियातलं वाइलहाइम हे छोटं गाव. तिथल्या आखर बंधूंनी १९८९ मध्ये ‘द नॉटविस्ट’ हा बँड काढला तेव्हा ते आरडाओरड्याचा पंक वाजवत. पुढे ‘कन्सोल’ या नावानं इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा मार्टिन ग्रेट्शमन त्यांना मिळाला आणि बँडचा आवाज हळूहळू बदलला. २००२ च्या ‘निऑन गोल्डन’मध्ये बँजोच्या तारा, संगणकी खडखड आणि मार्कुस आखरचा जवळजवळ निर्विकार गळा एकत्र येतात. तो गळा दुःख दाखवत नाही, म्हणूनच ते अधिक पोचतं. याच काळात बर्लिनमध्ये थॉमस मॉर यांनी १९९९ साली सुरू केलेल्या ‘मॉर म्युझिक’ या छोट्या कंपनीभोवती अशा संगीतकारांचा गोतावळा जमला.

आइसलँडच्या ‘मूम’ या गटानं दूर किनाऱ्यावरच्या दीपगृहात मुक्काम करून गाणी रचली. २००२ च्या त्यांच्या अल्बममध्ये संगणकाच्या बारीक तालाबरोबर ॲकॉर्डियन आणि लहान मुलांसारखे गळे ऐकू येतात. लंडनच्या ‘टंग’ बँडनं इंग्लिश लोकगीतांच्या वळणाची गाणी टकटकत्या तालावर बसवली आणि २००९ मध्ये सहारातल्या तुआरेग संगीतकारांच्या ‘तिनारिवेन’ या गटाबरोबर दौरा केला.

मला यात सर्वांत विलक्षण वाटते ती अर्जेंटिनाची ह्वाना मोलिना. तिचे वडील ओरासियो मोलिना टँगो गायक. ती स्वतः १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टीव्हीवरची लाडकी विनोदी अभिनेत्री होती. स्वतःचा कार्यक्रम ऐन भरात असताना तिनं तो सोडला आणि गाण्याकडे वळली. मायदेशात आरंभी फारसं कुणी ते मनावर घेतलं नाही. २००० चा ‘सेगुंदो’ आणि २००२ चा ‘त्रेस कोसास’ या अल्बमांनी तिला जगभर श्रोते दिले. रंगमंचावर ती अनेकदा एकटी असते. गिटारचा एक तुकडा वाजवते, पायाखालच्या लूप पेडलनं तो फिरता ठेवते, त्यावर दुसरा, मग कीबोर्ड, मग स्वतःच्याच आवाजाचे थर. श्रोत्याच्या डोळ्यांदेखत एका बाईचा वाद्यवृंद उभा राहतो. यंत्र इथे लपवलेलं नाही. गाणं कसं बांधलं जातं हे पाहणं हाच मैफलीचा भाग आहे.

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या जस्टिन व्हर्ननचा प्रवास गिटारकडून यंत्राकडे झाला. २००६-०७ च्या हिवाळ्यात वडिलांच्या जंगलातल्या लाकडी घरात राहून त्यानं गिटार, एक-दोन मायक्रोफोन आणि संगणक एवढ्यावर ‘फॉर एमा, फॉरेव्हर अगो’ भरला. स्वतःचाच गळा अनेकदा भरून थरांवर थर चढवले. ‘बॉन इव्हेर’ या नावानं तो जगापुढे आला तेव्हा लोकांनी त्याच्यात जुन्या वळणाचा लोकगायक पाहिला. २००९ च्या एका गाण्यात त्यानं ऑटोट्यून लावलेल्या स्वतःच्या आवाजाखेरीज दुसरं काहीच ठेवलं नाही. बेसूर गाणं सुरात आणण्यासाठी १९९७ मध्ये बाजारात आलेलं हे सॉफ्टवेअर त्यानं एकटेपणाचा रंग म्हणून वापरलं. २०१६ च्या ‘२२, अ मिलियन’साठी त्याचा तंत्रज्ञ ख्रिस मेसिना यानं अशी जुळणी केली की एक स्वर गायला की त्याच क्षणी त्याचे अनेक स्वरांचे पडसाद उमटावेत. एकट्या माणसाच्या गळ्यातून समूहगान निघू लागलं.

जात्याचा ताल

लोकसंगीत आणि यंत्र हे एकमेकांचे वैरी, ही समजूत जुनी आहे. जुलै १९६५ मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. लोकसंगीत शुद्ध असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. पण लोकसंगीत तर कायम हाताशी आलेल्या साधनावर जगत आलं आहे. आपल्या आया-आज्या पहाटे जात्यावर बसत. दगडाचा फेरा ठरावीक, त्याची घरघर अखंड, आणि त्या फेऱ्याच्या मापात ओवी बसवायची. फेरा तोच, ओवी नवी. आजचा कलाकार लूपवर गातो तेव्हा तो याच पद्धतीनं गात असतो: एक न थकणारं चक्र आणि त्यावर मोकळा सुटलेला माणसाचा गळा. जातं हे यंत्रच होतं. त्यानं ओवीतला माणूस कमी केला नाही, उलट घरात कुणापाशी न बोललेलं बोलायला त्या बायांना आडोसा दिला.

लोकसंगीताचा दुसरा गुण म्हणजे ते उसनं घेत चालतं. एका गावची चाल दुसऱ्या गावी जाते, कडवी बदलतात, शब्द गळतात, नवे चिकटतात. सॅम्पल उचलणाऱ्या कलाकारांनी याच गुणाचा दाखला देत आपली बाजू मांडली आहे, आणि त्यात तथ्य आहे. फरक इतकाच की गावात चाल ज्याच्याकडून आली तो माणूस ओळखीचा असे. ध्वनिमुद्रणातून उचललेला गळा हजारो मैलांवरचा असतो, आणि त्याच्यावर मिळणारा पैसा गाणाऱ्यापर्यंत बहुधा पोचत नाही.

गळा कुणाचा, पैसा कुणाचा

सॉलोमन बेटांपैकी मलाइता बेटावर १९७० च्या आसपास ह्यूगो झेम्प या संगीत-अभ्यासकानं आफुनाक्वा नावाच्या एका बाईची अंगाई ध्वनिमुद्रित केली. ती युनेस्कोच्या संग्रहात प्रसिद्ध झाली. १९९२ मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीनं ती उचलली, तिच्यावर नाचता येईल असा ताल चढवला आणि ‘स्वीट ललबाय’ नावानं ती जगभर गाजवली. अल्बमची जाहिरात मध्य आफ्रिकेतल्या पिग्मी लोकांचं संगीत अशी झाली. ज्या बाईचा गळा होता तिचा खंडसुद्धा चुकवला गेला. झेम्प यांनी जाहीर निषेध केला. स्टीव्हन फेल्ड या मानववंश-संगीत अभ्यासकानं हा सगळा प्रकार २००० साली एका निबंधात तपशिलानं मांडला. आफुनाक्वाला मात्र या यशातून काही मिळालं नाही.

१९९९ मध्ये अमेरिकी संगीतकार मोबी याचा ‘प्ले’ आला. त्यातल्या ‘नॅचरल ब्लूज’ या गाण्याचा प्राण आहे व्हेरा हॉल हिचा गळा. अलाबामातली ही कृष्णवर्णीय बाई धुण्याभांड्याची आणि स्वयंपाकाची कामं करून जगली. लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी तिची गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली होती. १९६४ मध्ये ती वारली. पस्तीस वर्षांनी तिचा आवाज जगातल्या कोट्यवधी लोकांनी ऐकला आणि ‘प्ले’मधलं प्रत्येक गाणं जाहिरातींसाठी किंवा चित्रपट-मालिकांसाठी विकलं गेलं. तिचा गळा विस्मृतीतून बाहेर आला हे खरं आणि मोलाचं आहे. पण ते गाणं ओळखणाऱ्यांतल्या किती जणांना तिचं नाव ठाऊक आहे? ही खंत ते गाणं कितीही आवडलं तरी जात नाही.

स्वतः कलाकारालाही हिशेब मागावा लागतो. फोर टेटचा डोमिनोशी करार २००१ चा, म्हणजे स्ट्रीमिंगच्या आधीचा. कंपनी स्ट्रीमिंगच्या उत्पन्नातला १८ टक्के वाटा देत होती. हेब्डनचं म्हणणं होतं की परवान्यापोटीचा ५० टक्के वाटा मिळायला हवा. तो न्यायालयात गेला. खटला चालू असताना नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीनं ‘पॉझ’ आणि ‘राउंड्स’सह त्याचे तीन अल्बम स्ट्रीमिंगवरून काढून टाकले. जून २०२२ मध्ये तडजोड झाली: ५० टक्के दर मान्य झाला आणि मागची बाकी म्हणून सुमारे ५७ हजार पौंड मिळाले. रक्कम मोठी नाही. पण जुन्या करारात अडकलेल्या असंख्य छोट्या कलाकारांना या प्रकरणानं एक बळ दिलं. २००८ पासून चालू असलेल्या ‘बँडकॅम्प’सारख्या ठिकाणी श्रोता थेट कलाकाराकडून अल्बम विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कापून उरलेला बहुतांश पैसा त्याच्याकडे जातो. स्वतंत्र संगीत ‘स्वतंत्र’ राहतं ते अशा वाटांमुळे.

आपल्या कानाशी

भारतात इलेक्ट्रॉनिक संगीताची सुरुवात पुष्कळ आधीची आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई यांच्यासह काही जणांनी तिथे रचना केल्या. १९६९ ते १९७२ मधल्या त्या टेप्स संग्रहात पडून राहिल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाल्या. मुंबईत हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या सिंथेसायझर आणि ड्रम मशीनवर दहा राग वाजवले. त्या रेकॉर्डकडे तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि शिकागोत पुढे जन्मलेल्या ॲसिड हाउस संगीताची चाहूल तीत आधीच होती, हे ऐकून जगभरचे रसिक चकित झाले. आजच्या पिढीत दिल्लीचा सूर्यकांत साहनी ‘लिफाफा’ या नावानं जुन्या हिंदी गाण्यांचे तुकडे, घरगुती यंत्रं आणि हिंदी शब्द एकत्र आणतो. त्याचा २०१९ चा ‘जागो’ हेडफोन लावून शांतपणे ऐकण्याजोगा आहे.

या सगळ्यात मराठी माणसाच्या काळजाला भिडेल असा एक धागा फोर टेटकडूनच येतो. हेब्डनची आई दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली भारतीय. आईच्या वडिलांच्या पश्चात त्यांच्याकडच्या भारतीय संगीताच्या रेकॉर्ड्स नातवाकडे आल्या. २०१५ च्या ‘मॉर्निंग/ईव्हनिंग’ या अल्बममध्ये वीस-वीस मिनिटांच्या दोनच रचना आहेत. त्यातल्या पहिलीत ‘सौतन’ या १९८३ च्या चित्रपटातला लता मंगेशकरांचा गळा इलेक्ट्रॉनिक तालावर तरंगत येतो. हेब्डन तो चिरडत नाही. त्याला ऐसपैस जागा देतो, पुन्हा पुन्हा येऊ देतो. परदेशी वाढलेल्या नातवानं आजोबांशी केलेली ती भेट आहे, आणि तीत लताबाईंचा स्वर घरच्यासारखा वावरतो.

महाराष्ट्रात या कामाला आणखी मोठं मैदान आहे. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटानं २०१९ मध्ये ‘द वारली रिव्हॉल्ट’ हे गाणं केलं तेव्हा आरे जंगलातले प्रकाश भोईर यांना सोबत घेतलं आणि गाण्यावर त्यांचं नाव घातलं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढे संगणकतज्ज्ञ बर्नार्ड बेल यांच्या मदतीनं सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं डिजिटल संग्रहालय त्या ओव्या लोकांपुढे आणत आहे, आणि ओवीशेजारी गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तिची हकिगत आहे. आफुनाक्वाला आणि व्हेरा हॉलला जे मिळालं नाही ते इथे मुळशी-मावळातल्या बायांना मिळालं.

म्हणून लॅपटॉपवर गाणी रचणाऱ्या प्रत्येक मराठी मुला-मुलीला एक कळकळीची विनंती आहे. ओवी, गवळण, लावणी, पोवाडा, वारलींची गाणी, जे मनाला लागेल ते उचला. त्याचे तुकडे करा, फिरवा, त्यावर नवा ताल चढवा. लोकसंगीत त्यानं बाटत नाही. पण गाणारीला आधी विचारा, तिचं नाव आणि गाव गाण्यावर छापा आणि जे चार पैसे येतील त्यात तिचा वाटा ठेवा. आणि ऐकणाऱ्यांनी, आवडलेल्या अशा एका तरी अल्बमचे पैसे थेट कलाकाराच्या हाती पडतील असं पाहावं.